बाबांच्या पसंतीचे टायर

“बाबा, तुम्ही बघा. तुम्ही हो म्हणालात की घेऊन टाकू,” असं म्हणत लेकीने बाबांची खुर्ची टायरांच्या थप्पीजवळ सरकवली.

दुकानदाराने वरचा टायर उतरवून त्यांच्यासमोर उभा धरला. काळाकुळकुळीत, चकचकीत.

“ऑल-सीझन आहे, काका. ऊन असो, पाऊस असो, थंडी असो, बदलायची भानगडच नाही. पिकअपला याच्यासारखा दणकट माल मिळणार नाही. ताईंची लेकरं चालवतील याच्यावर.”

“माझं लग्न तर होऊ द्या आधी,” लेक म्हणाली.

पाण्याचे जार भरायचे आणि चढावरच्या वस्तीत पोचवायचे, यात बाबांचा उभा जन्म गेला होता. झटका आला तेव्हापासून गाडी लेक चालवत होती. झटक्याने उजवी बाजू नेली ती नेली, वर तोंडातले शब्दही नेले. मागे ठेवला एकच: हो. भूक लागली तरी हो, नको असलं तरी हो. नाही म्हणायला मान हलवावी, तर तीही मेली वरखालीच जायची. आजाराने माणसाची थट्टा करावी, पण काही हद्द?

घरी आईला त्यातला फरक चेहऱ्यावरून कळायचा. लेक दिवसभर गाडीवर. आणि खरं सांगायचं तर तिला तो हो हवाच होता. घरात आता बाबांना कोणी काही विचारत नसे. निदान टायर तरी त्यांच्या पसंतीने घ्यावेत, म्हणून ती त्यांना हौसेने घेऊन आली होती.

बाबांनी डाव्या हाताचं नख रबरात रोवून बघितलं. रुतलं नाही. मग ते खाली वाकले आणि टायरच्या अंगावरचे बारीक चौकटीतले चार आकडे त्यांनी शोधून काढले. टायर कुठल्या साली, कुठल्या आठवड्यात बनला, ते त्यात असतं. साल त्यांनी दोनदा वाचलं. ते साल ते विसरणं शक्य नव्हतं. त्याच साली लेक दहावीत गणितात आपटली होती. म्हणजे टायर तेव्हापासून गोदामात पडून होता आणि पॉलिश मारून आज नवा झाला होता. असं रबर आतून वाळलेलं असतं. ओल्या उतारावर, भरल्या गाडीखाली, ते रस्ता धरत नाही. नाहीतर फुटतं.

त्यांनी आकड्यांवर बोट ठेवलं.

“हो,” ते म्हणाले. “हो! हो!”

लेकीने वाकून बघितलं. “साइज ना? बघितली मी. आपल्या गाडीचीच आहे. एवढं शिकवलंत मला, साइज बघायची विसरेन का?”

शिकवलं होतं खरं. चढावर क्लच कसा सोडायचा, उतारावर गिअर कुठला ठेवायचा, सगळं शिकवलं होतं. टायर मात्र ते नेहमी स्वतःच जाऊन आणत. हे आकडे तेवढे सांगायचे राहिले.

बोट कुठे टेकलंय ते दुकानदाराने बघितलं. मग तो हसला.

“काकांची नजर म्हणजे नजर! एकदा नाही, तीनदा हो म्हणाले, ताई. चारही याच थप्पीतले देतो. काढू ना?”

बाबांनी सगळा जोर लावून टायर ढकलून दिला. तो गडगडत भिंतीपर्यंत गेला आणि आडवा झाला.

“बघा, गोल फिरतो का तेही तपासून घेतलं,” दुकानदार म्हणाला. “जुना खेळाडू तो जुना खेळाडू.” लेकही हसली. तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता, आणि तो बाबांना बघवेना.

टायर बसवणाऱ्या मिस्त्रीने टायर उचलला. “आकड्यांची बाजू आत घे,” दुकानदार त्याला हळूच म्हणाला. मिस्त्रीने एकदा बाबांकडे बघितलं. दोघांची नजर भिडली. बाबांना वाटलं, हा बोलेल. मिस्त्री खाली बसला आणि चाकाचे नट सोडवायला लागला.

शेवटचा टायर घ्यायला तो आला तेव्हा बाबांनी एका हाताने टायरला मिठी घातली. सोडेचनात. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“अहो बाबा, आपलाच आहे तो. आपल्याच गाडीला लागणार आहे,” लेक म्हणाली. “कित्येक महिन्यांनी एवढा जीव लावून काहीतरी बघतायत हो,” ती दुकानदाराला म्हणाली. तो बिलाच्या टेबलाकडे वळला. लेकीने त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि काळी झालेली बोटं रुमालाने पुसून काढली.

गाडी रस्त्याला लागली. बाबा लेकीच्या शेजारी, पट्ट्याने बांधलेले.

“लोण्यासारखी चाललीय!” लेक म्हणाली. “वरच्या वस्तीवाले जादा जार मागतायत कधीपासून. पाऊस आहे, निसरडं आहे, म्हणून मीच टाळत होते. आता उद्यापासून भरून नेते. तुमच्या पसंतीचे टायर असल्यावर भीती कसली? काय, बाबा?”

बाबांनी ओठ गच्च मिटले. तरी शब्द वर यायला लागला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं.

“मळमळतंय का?” लेकीने विचारलं, आणि हात लांब करून त्यांच्या बाजूची काच खाली केली.