देसायांची यादी

दुधाच्या पातेल्यावरची झाकणी खडखडली, तशी हेमांगी भानावर आली. गॅस बंद करून तिनं पुढचा नंबर फिरवला. मुलीच्या रक्ताच्या आजारावर बोनमॅरो हवा होता, पण घरातल्या कुणाचाच जुळला नव्हता. "तुमच्या लोकांत शोधा," डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून ती आपल्या आडनावाच्या, सापडेल त्या देसायाला फोन करून पदर पसरत होती.

नवसारीचे म्हातारे देसाई कळवळून म्हणाले, "बेन, देसाई म्हणजे परगण्याची वसुली करणारा. जेवढे परगणे, तेवढे देसाई. आडनाव एक म्हणून रक्त एक कसं असणार?"

मडगावचे देसाई ख्रिस्ती निघाले, बेळगावचे मुसलमान. "तपासायला उद्याच येतो, ताई," बेळगावचे म्हणाले, "पण आपलं जुळायचं कसं?"

"या दादा," ती म्हणाली. बुडणारा काडीची जात विचारत नाही.

अंथरुणावर बसून सात वर्षांची लेक फोनच्या वहीतली नावं बोट ठेवून वाचत होती. केस गळालेल्या डोक्यावरची टोपी मागे सारत तिनं विचारलं, "आई, हे एवढे सगळे देसाई आहेत, मग यांतलं माझं कोण गं?"