पहिला नंबर

"राहू द्या ना बाबा, फोटो पुरेत," मिझुहो पुन्हा म्हणाली.

इनागाकीसान ऐकतात कसले! रविवारी लेकीचं लग्न. मेजवानीत हॉलच्या पडद्यावर नवरीचं बालपण दाखवायचं असतं, आणि त्यांनी स्वतः केलेलं शूटिंग एवढं एकच होतं, पहिलीतल्या क्रीडादिनाचं. त्यांनी जुना व्हिडिओ कॅमेरा वायरने लॅपटॉपला जोडला, बटण दाबलं. टेप जेवढ्या वेळाची, तेवढाच वेळ ती लॅपटॉपवर उतरायला लागतो, तिथे घाई चालत नाही. बापलेक चहाचे पेले घेऊन शेजारी शेजारी बसले.

त्या क्रीडादिनी त्यांनी कंपनीतून जन्मात पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. शर्यत संपली तसे डबाही न खाता स्टेशनकडे पळाले होते. टेप बघायला पुढे कधी सवड झाली नाही. पण पोर पहिली आली, हे मात्र ऑफिसात, शेजारीपाजारी, परवा व्याह्यांनासुद्धा सांगून झालं होतं. मिझुहो दरवेळी मान खाली घालायची. लाजते, असं ते कौतुकाने म्हणायचे.

पडद्यावर मुली धावत होत्या. सगळ्यांचे सदरे पांढरे, सगळ्यांच्या टोप्या लाल, सगळ्यांच्या दोन वेण्या. कॅमेरा सगळ्यात पुढच्या मुलीला चिकटला होता.

"पळ, मिझुहो, पळ! शाब्बास माझ्या पोरी!" त्यांचाच तरणा आवाज टेपमधून फुटत होता.

मागे एक मुलगी तोंडावर आपटली. उठली. गुडघा फुटला होता, तरी तिने हसून थेट कॅमेऱ्याकडे हात हलवला. कॅमेरा तिला टाकून पुढे गेला. पुढच्या मुलीने फीत तोडली. त्या क्षणी गाडीच्या वेळेसाठी त्यांची नजर घड्याळावर गेली होती, कॅमेरा मात्र चालूच होता. मुलीने टोपी काढली.

चेहरा भलत्याच मुलीचा होता.

इनागाकीसानांनी पेला खाली ठेवला. ती पडलेली पोर कोण, हे आता विचारायचीही गरज नव्हती. त्यांना आपलीच लाज वाटली.

"तुला... हे माहीत होतं?"

"आईने आणि मी त्याच आठवड्यात पाहिली होती टेप. आई म्हणाली, बाबांना सांगू नकोस, बिचाऱ्यांनी पहिल्यांदाच रजा काढलीय." मिझुहो पडद्याकडेच बघत होती. "नाही सांगितलं. फक्त पुढे कधी क्रीडादिनाला तुम्हांला 'या' म्हटलं नाही."