बिनडोळ्यांचा रोहू

आठवडी बाजारात काटकर सरांनी सवयीने रोहू उचलून तोंडाकडून निरखला. ताजा मासा डोळ्यांवरून ओळखायचा, हे त्यांना आईने शिकवलेलं. पण या रोहूला डोळेच नव्हते. त्या जागी नुसती गुळगुळीत कातडी होती.

"कल्ले बघा सर, लाल हायेत," कौसाबाई म्हणाली. "सकाळीच मालकानं धरलाय."

"आता सगळे असेच निघतात?"

"औंदा डोळ्यांचा एकबी न्हाई घावला."

पंधरा वर्षांपूर्वी सरकारने अख्खं धरण सोलर पॅनलनी झाकलं, तेव्हा गावाने साहेबांना हारतुरे घातले होते. कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं, पोरांचा खोकला थांबला, दिवसरात्र वीज आली. हे सगळं खरंच होतं, मग तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची? पाण्याने मात्र तेव्हापासून ऊन पाहिलं नव्हतं.

दुपारी कौसाबाई भाकरी घेऊन धरणावर गेली. तिचा नवरा रंगनाथ रोज पहाटेपासून पॅनलखालच्या अंधारात जाळी लावायचा. आता तो होडी वल्हवत बाहेर आला, तेव्हा होडीतली बॅटरी बंद होती.

"अवो, बॅटरी का न्हाई लावली?"

"गरज न्हाई पडत," होडी काठाला लावत तो म्हणाला. "लई दिवस झाले."

पायाचा आवाज न करता कौसाबाई दोन पावलं बाजूला सरकली.

"दे भाकरी," म्हणत रंगनाथने हात पुढे केला, ती मघाशी उभी होती त्या जागेकडे.