मीटिंगला जमणार नाही

थोरली बहीण दुकानात शिरली आणि शाळेच्या बाईंना एकदम घरचं काम आठवलं.

"गॅसवर दूध ठेवून आलेय," म्हणत त्या उठल्या. मुलीच्या फ्रॉकची उंची सांगायला आल्या होत्या, ते तसंच राहिलं. जाताना त्यांनी थोरलीच्या खांद्यावरच्या फुगलेल्या पिशवीकडे मोकळ्या सुटलेल्या कुत्र्याकडे बघावं तसं पाहिलं आणि भिंतीच्या कडेकडेने बाहेर पडल्या.

धाकटीने शिलाई मशीन थांबवलं नाही. हे एवढंसं दुकान तिच्या पोटापाण्याचं, आणि बहिणीला पाहून गिऱ्हाईक उठून जायची ही काही पहिली खेप नव्हती.

"पाचच मिनिटं दे," थोरली म्हणाली आणि हसली.

ते हसू धाकटीला पाठ होतं. आधी हसायचं, मग पाच मिनिटं मागायची, मग समोरच्याला 'आपलं माणूस' म्हणायचं. थोरलीच्या कंपनीच्या मीटिंगमध्ये असंच शिकवत. तेल, दुधातून प्यायची पावडर, टूथपेस्ट विकायची आणि विकणारी माणसं जोडायची. जोडलेल्यांनी आणखी जोडायची. थोरलीने नात्यातलं, गल्लीतलं कुणी म्हणून सोडलं नव्हतं. शाळेच्या बाईंच्या घरी अजून तीच टूथपेस्ट संपायची होती.

"ताई, मला काही नकोय."

"ते सोडलं मी. कधीच सोडलं."

"मागच्या वेळीही सोडलं होतंस. मग पिशवीतून पाण्याचा फिल्टर निघाला."

थोरली स्टुलावर टेकली आणि पिशवी मांडीवर घेतली. "तू माझी म्हणून आधी तुझ्याकडे..." एवढं बोलून ती स्वतःच अडखळली. हेही वाक्य मीटिंगमधलंच होतं. तिने दुसरं शोधलं. "परवापासून फोन करतेय तुला."

"पाहिलं. काय काम आहे म्हणून मेसेज केला, तर म्हणे फोनवर सांगण्यासारखं नाही, भेटून बोलू. मी काय दूधखुळी आहे?"

"अगं, डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरही तुमच्यातलेच ना? मागे पांढरा कोट घालून स्टेजवर उभा केला होता एक."

थोरली पुन्हा हसली. तिला हसायचं नव्हतं. पण 'नाही' ऐकलं की हसायचं, ही सवय तोंडाला इतकी लागली होती की आता तोंड तिचं ऐकत नव्हतं. धाकटीला मात्र ते हसू पाहून तिडीक आली. ती उठली.

"असं कर, काय असेल ते एक देऊन टाक. घेते मी. पण मीटिंगला येणार नाही, आणि माझ्या गिऱ्हाइकांसमोर ही पिशवी पुन्हा आणायची नाही."

तिने पिशवी ओढून घेतली, चेन उघडली आणि कापड बेतायच्या टेबलावर सरळ उलटी केली.

टॉवेल निघाला. स्टीलचा पेला, टूथब्रश, घरात घालायच्या चपला. दोन गाऊन, धुऊन घडी घातलेले.

"काखेत गाठ आहे," थोरली म्हणाली. "उद्या सकाळी काढणारेत. सही करायला घरचं माणूस आण म्हणालेत."

परवापासून फोन टेबलावर थरथरत होता आणि धाकटी त्यावर कापड टाकून शिवत बसली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"दुसऱ्या कुणाला तरी सांगायचंस. मी उचलत नव्हते तर."

"ज्याला फोन केला तो मी बोलायच्या आधीच म्हणाला, मीटिंगला जमणार नाही." या खेपेला थोरली हसली नाही. "त्यांचं काय चुकलं? पेरलं ते उगवलं. आणि तू कुणाला बोलू नकोस हं. म्हणतील, आता आजार विकायला काढला."

धाकटीने एक गाऊन उचलून पाहिला. डोक्यातून घालायचा होता.

"हा कसा घालणारेस? हात वर तरी होईल का उद्या?"

तिने कात्री घेतली आणि गाऊन समोरून गळ्यापासून खाली उभा कापला. कडा दुमडल्या, मशीनखालून काढल्या. मग बटणांसाठी फळीवरचा डबा काढला. डबा थोरलीच्याच कंपनीच्या पावडरचा. पावडर कुणी प्यायलीच नव्हती; ती ओतून देऊन डबा तेवढा ठेवला होता. त्यावर छापलेलं कुटुंब अजून हसत होतं.

थोरलीने डबा ओळखला. "काहीतरी उपयोगी पडलं म्हणायचं."

"झाकण घट्ट बसतं," धाकटी म्हणाली. "आत जा, घालून बघ."

थोरली गाऊन घेऊन पडद्याआड गेली. टेबलावरचं सामान धाकटीने भराभर पिशवीत भरलं. तेवढ्यात दारातून शाळेच्या बाईंनी डोकं आत घातलं.

"गेली का? फ्रॉकची उंची सांगायची राहिली बघ."

"उद्या नाही व्हायचा फ्रॉक," धाकटी म्हणाली. "दुकान बंद ठेवतेय. ताईबरोबर जायचंय."

बाईंनी पिशवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"तुलाही ओढलंच का गं शेवटी तिनं?"

पडद्यामागची हालचाल थांबली.

"हो," धाकटी म्हणाली आणि दुसरा गाऊन कापायला घेतला.