ओठांवरून फिरवलेला केस

“आली, आली! आवाज वाढवा कुणीतरी,” आत्या ओरडली, आणि आई ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून बाहेर आली.

या घरातला हा शिरस्ताच होता. बाबांनी लिहिलेली जाहिरात टीव्हीवर पहिल्यांदा लागली की सगळ्यांनी एकत्र बसून बघायची, संपता संपता आत्याने टाळ्या वाजवायच्या आणि बाबांनी “पुरे गं” म्हणायचं. या वेळी बाबांनी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. पण ऑफिसातलं कुणीतरी आत्याजवळ बोललं, आणि आत्याच्या कानावर पडलेली गोष्ट कधी तिथेच थांबली आहे? “नजर लागेल म्हणून लपवतोस काय रे दादा?” म्हणत तिनेच सगळ्यांना गोळा केलं होतं.

चिमी कोपऱ्यातल्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. डोक्याला रुमाल. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला चिकटपट्ट्या. पट्ट्या असल्या की उपटायला केस चिमटीत नीट येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं. त्याआधी रागावून झालं होतं, गोडीगुलाबीने झालं होतं, हातमोजे झाले होते, आईचं रडून झालं होतं. सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला तेव्हा कुठे डॉक्टर आठवले. आता भुवया परत यायला लागल्या होत्या, कोवळ्या, विरळ. आई रोज सकाळी दुसरंच काहीतरी शोधत असल्यासारखं करून त्या बघून घ्यायची.

जाहिरात इंटरनेटची होती. एक मुलगी कॉम्प्युटरसमोर बसलेली. पडद्यावर ते गोल चक्र फिरतंय. मुलगी डोक्यात बोटं घालते, चाचपडते, एक केस उपटते, ओठांवरून फिरवते आणि सोडून देते. चक्र फिरतंयच. आणखी एक केस. मग भिंतीवरचं घड्याळ भराभर पळतं, आणि मुलीच्या डोक्याचा तुळतुळीत गोटा! ‘टुंय’ असा आवाज होतो. पाठोपाठ एक भारदस्त माणूस म्हणतो, “वेड लागायच्या आधी कनेक्शन बदला!”

आत्या खो खो हसली. सवयीनेच. मग तिचं तिला कळलं आणि हात तोंडावर गेला.

“ही तुम्ही लिहिलीत?” आईने विचारलं.

“एकट्याने नाही. सगळ्यांनी मिळून...”

“मी तुम्हाला विचारतेय.”

बाबा सांगणार तरी काय? त्या दिवशी मीटिंग संपता संपत नव्हती. इंटरनेट कंपनीच्या माणसांना काही म्हणता काही पसंत पडत नव्हतं. मुलगी जांभई देते, नको. टेबलावर डोकं आपटते, जुनं झालं. सगळे कातावलेले, आणि बाबांचं डोकं तर कधीच बंद पडलेलं. तेवढ्यात त्यांचा हात आपोआप केसांत गेला आणि त्यांनी करून दाखवलं. अगदी सावकाश, जसंच्या तसं. लोक पोट धरधरून हसले. “हे! हेच पाहिजे!” म्हणाले. बाबांना लाज वाटली होती, नाही असं नाही. पण घरी जायला मिळणार होतं, म्हणून त्यांनी मान डोलावली.

“अगं, गंमत असते ती,” आत्या चिमीकडे न बघता म्हणाली. “कोण एवढं मनावर घेतंय?”

“उद्या शाळेत सगळे ‘टुंय’ करणार, आत्या,” चिमी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. दिवसभर बाजार करून दमलेली बाई बोलावी तशी बोलली. चौदा वर्षांची पोर!

“मी बंद करायला लावतो,” बाबा म्हणाले. “उद्या गेल्या गेल्या सांगतो.”

“राहू दे. लागली ना आता.”

आईने टीव्ही बंद केला. ओले हात तिने तसेच कपड्यांना पुसले. कुणी उठेना.

“बाबा, तिचे केस खरे होते?”

“नाही गं. टोप होता.”

“बरं झालं. दुखलं नसेल तिला.”

बाबांना हे ऐकवेना. चिमीने आरडाओरडा केला असता, दार आपटलं असतं, तर त्यांना बरं वाटलं असतं. ती आपली बोटावरच्या पट्टीचं सुटलेलं टोक नखाने दाबत बसली होती.

“पण ती ओठांवरून फिरवते,” ती म्हणाली.

“काय?” आईने विचारलं.

“केस. उपटल्यावर. मी तसंच करते. तुला माहीत नाही. मी डॉक्टरांनापण नाही सांगितलं. खोलीत एकटी असले की करते फक्त.” मग तिने बाबांकडे पाहिलं. “तू बघायचास?”

थाप मारायचं बाबांच्या मनात आलं, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

“हो,” ते म्हणाले. “दारातून. खूपदा.”

चिमीने विचार केला. खरंच कोडं पडल्यासारखा.

“मग आत का नाही आलास?”