पाय धुवायचं पाणी

पडद्यावर डोमा खाणीच्या तोंडाशी पोचला तेव्हा गिरजा उठून उभी राहिली.

"अजी, आंदर नोका जाऊ," ती म्हणाली. ओरडली नाही. उंबऱ्याबाहेर पडणाऱ्या माणसाला मागून सांगावं, तशी म्हणाली.

डोमा गेला. डोक्याला फडकं, खांद्यावर लोखंडी सब्बल, हातात दिवा. त्याची पाठ अंधारात शिरली, दिवा तेवढा थोडा वेळ दिसला, मग तोही दिसेना. पडद्यावर धानाची बांधी डोलू लागली.

सरकारची प्रचाराची गाडी चांद्याहून गावात पहिल्यांदाच आली होती. तळ्याच्या पाळीजवळ दोन बांबू रोवून पांढरा पडदा ताणला होता. त्यावर माणसं चालू लागली तशा बाया मागं सरकल्या. लेकरं रडली. तेव्हा म्हातारी धुरपता काठी टेकत पडद्यापाशी गेली आणि वाकून बघून आली.

"पाय सरळ हायेत," तिनं सांगितलं. "भुतं नाईत, मान्संच हायेत. बसा."

लोक हसले, बसले, आणि मग पडद्याशी बोलतच राहिले. नांगर धरणाऱ्याला त्यांनी बैल दमला म्हणून बजावलं. टोपीवाल्या साहेबाला रामराम घातला, आणि त्यानं परत केला नाही म्हणून शिव्याही घातल्या. मग खाण आली, आणि खाणीत निघालेल्या मजुरांत गावचा डोमा आला.

तो सिनेमा उतरवला त्यानंतरच्या पावसाळ्यात खाणीत पाणी घुसलं होतं. आत होते ते कोणीच हाती लागले नाहीत. खाणीचं तोंड बुजवून टाकलं. डोमाचा बाप वारलू यानं मुलाचे दिवस केले आणि सुनेला, गिरजाला, कुंकू पुसायला सांगितलं. तिचं वय लहान होतं. पुढं कुठं तिचा पाट लावून द्यावा, तिला घर व्हावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. गिरजा ऐकत नव्हती. कोणीही समजवायला आलं की तिचं एकच बोलणं असे.

"आंदर जाताना साऱ्यायनं पायलं. बाहीर येताना मले दिसू द्या."

रोज संध्याकाळी ती अंगणात पाण्याचा गडवा भरून ठेवी. खाणीतून आलेल्या माणसाचे पाय काळे असतात, ते धुतल्याशिवाय तो घरात कसा येणार. सकाळी ते पाणी वांग्यांच्या वाफ्यात जाई. वारलू ते बघे आणि तोंड फिरवून निघून जाई.

सिनेमा संपला. गिरजानं मशीनवाल्या गुणवंतरावाला हात जोडून खाण पुन्हा दाखवायला सांगितली. त्यानं दाखवली. ती पुन्हा तेच म्हणाली, आणि डोमा पुन्हा गेला. पुढच्या वेळी सगळं गाव तिच्यासोबत उभं राहिलं. डोमा, वापस ये, म्हणून बाप्ये ओरडले, बाया ओरडल्या. डोमानं मान वळवली नाही. मग लोक गुणवंतरावावर उलटले. मशीन तुझ्या हाती हाये, मग त्याले काऊन आंदर धाडतोस, असं एकानं विचारलं. वारलू उठला. तो मशीनपाशी येऊन उभा राहिला आणि गुणवंतरावाच्या तोंडाकडे बघत राहिला.

गुणवंतराव भला माणूस होता. चित्रं एकदा उतरली की बदलत नाहीत, हे या लोकांना कसं सांगावं ते त्याला कळेना. मग त्याला एक सुचलं.

"रहा, बाई," तो म्हणाला. "बाहीर आणतो त्याले."

त्यानं आवाज बंद केला आणि कळ उलटी फिरवली.

काळोखात आधी दिवा दिसला. मग पाठ दिसली. पाठ मोठी होत गेली, खांद्यावरची सब्बल दिसली, डोक्याचं फडकं दिसलं. डोमा खाणीबाहेर येत होता. लोकांनी एकच गिल्ला केला. आला, आला, म्हणत लेकरं पडद्याकडे धावली. वारलू मशीनच्या पेटीला धरून खाली बसला आणि पोरासारखा रडू लागला. गुणवंतरावाचेही डोळे ओले झाले होते.

धुरपता मात्र उठली होती. पडद्याजवळ गेली, वाकली, आणि काही न सांगता परत येऊन बसली.

"पायलं ना, बाई?" गुणवंतरावानं विचारलं. "आला ना बाहीर?"

गिरजा डोमाच्या पाठीकडे बघत नव्हती. ती खाली बघत होती. तिथं टाच पुढं पडत होती, आणि बोटं मागून येत होती.

"आले जी," ती म्हणाली. "पाय उलटे हायेत."

ती एकटीच घरी गेली. अंगणातला गडवा उचलला आणि त्या पाण्यानं कपाळ धुतलं.