लिंबूघर

"फरशीखालून गरम पाणी फिरेल, म्हणजे पाय कधी गार पडणार नाहीत," आर्किटेक्ट बाई टाच आपटत म्हणाल्या.

"माझ्या झाडांना असली ऊब सोसत नाही," एर्सिलिया म्हणाली. "ती थंडीतच झोपतात. अंगावर हिम पडू नये, एवढंच त्यांचं मागणं."

बाई नुसत्याच हसल्या. इटलीतल्या लुक्काच्या डोंगरउतारावरचं हे लिंबूघर त्यांच्या मनात भरलं होतं. उंच कमानी, दक्षिणेला सगळ्या काचा. उमरावांनी लिंबा-संत्र्यांना हिवाळ्यात निजवायला अशा खोल्या बांधल्या. आता गावोगाव त्यांचे दिवाणखाने होत होते आणि परदेशी पाहुणे त्यात राहायला रांगा लावत होते. बाईंच्या नकाशात लिंबंही होती. टेबलावर, काचेच्या वाडग्यात.

घर, लिंबूघर, सगळं एर्सिलियाच्या नावावर होतं. तिच्या होकाराशिवाय एक वीट हलणार नव्हती, आणि तिचा मुलगा फोस्को वर्षभर तिच्या मागे लागला होता.

"आई, हिवाळाभर ठोकाठोक चालेल, धूळ उडेल. झाडं पिस्तोयाच्या नर्सरीत ठेवू. सगळेच ठेवतात हल्ली. तू तेवढे दिवस नन्सच्या वृद्धाश्रमात राहा. मे उजाडला, थंडीच्या संतांचे, शेवटच्या गारठ्याचे दिवस सरले, की झाडं बाहेर निघतातच ना?"

"माझ्या सासूच्या सासूपासून निघतात."

"मग? तोवर सगळं आटोपेल."

एर्सिलियाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "हा एक हिवाळा काढीन. पण मे महिन्यात झाडं बाहेर निघाली, की जिथं माझी लिंबं, तिथं मी. शब्द दे."

"दिला," फोस्को लगेच म्हणाला.

इतक्या लगेच, की तिला ओशाळल्यासारखं झालं. पोटच्या पोरावर आपण उगाच संशय घेतला, असं वाटलं. तिने होकार दिला.

ऑक्टोबरात माणसं आली. कुंड्यांना दांडे बांधून, दोघं पुढे दोघं मागे, अशी एकेक कुंडी त्यांनी ट्रकवर चढवली. सगळ्यात म्हातारं झाड शेवटी निघालं. एर्सिलिया त्याला सासूबाई म्हणायची, कारण काटे त्यालाच जास्त होते. "नीट राहा हो सासूबाई," ती म्हणाली आणि डोळे पुसून स्वतः गाडीत बसली.

वृद्धाश्रम वाईट नव्हता. सूप पाणचट होतं, तेवढंच. फोस्को पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा त्याने तिच्या खोलीपुढची लांब ओसरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पायांनी मोजली.

"ही दक्षिणेलाच आहे ना, सिस्टर? हिवाळ्यात काचा लावता? आत हिम येत नाही ना?"

सिस्टर नाही म्हणाल्या.

"तुझ्या गुडघ्यांची केवढी काळजी गं त्याला!" तिच्या खोलीत राहणारी दिर्चे म्हणाली. "माझा मेला साधा फोन करत नाही."

एर्सिलिया फुलून गेली. पुढे कितीतरी दिवस ती ओसरीची गोष्ट जेवणाच्या टेबलावर सांगत होती. बायका कंटाळल्या, तरी सांगत होती.

मे आला. थंडीच्या संतांचे दिवस सरले. एर्सिलियाने आपली लोकरी शाल दिर्चेच्या पलंगावर ठेवली, रेडिओही ठेवला.

"तुलाच राहू दे. मला आता काय करायचंय? तुझाही नेईल हो तुला, कधीतरी."

दिर्चेचं तोंड उतरलं. एर्सिलियाला ते दिसलं, आणि खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं.

कोट घालून, मांडीवर बॅग घेऊन ती ओसरीतल्या बाकावर बसली. दुपारी फाटकातून ट्रक आत आला. वर कुंड्या, सगळ्यांत पुढे सासूबाई, पांढऱ्या फुलांनी लगडलेल्या.

"बघ, दिर्चे! नर्सरीतून आणलीसुद्धा. जाता जाता मला घ्यायला आलाय."

फोस्को उतरला. त्याने आईच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"चल, मी तयार आहे," ती म्हणाली. "पुढे बसते."

माणसांनी ट्रकचं मागचं फळकूट उघडलं. सासूबाईंच्या कुंडीला दांडे बांधले, ती उचलली आणि ओसरीत, एर्सिलियाच्या खिडकीखाली ठेवली. मग ते दुसऱ्या कुंडीकडे वळले.

"अरे, इथं कशाला उतरवताय?"

फोस्कोने तिच्या हातातली बॅग हळूच काढून घेतली.

"एकही मागे ठेवलं नाही, आई. जिथं तुझी लिंबं, तिथं तू."